राखीपुरतं औषध

६ जुलै २०२५, रविवार

नेरची बस चुकली. आई वाट पाहून शेवटी एकटीच फराळाला बसली असेल. आज जायचंच म्हणून सकाळी भरलेली पिशवी कॉटखाली तशीच आहे.

एकादशी म्हणून वसतिगृहात सगळ्यांना साबुदाण्याची उसळ होती. राखी चौथीतली, यंदाच आलेली. दोन घास खाऊन तिनं ताट सारलं आणि भिंतीला टेकून बसली. मला वाटलं नाटक. नव्या मुली पहिल्या महिन्यात घरी जाण्यासाठी काय काय करतात ते मी पाहिलेलं आहे. मी म्हटलं, "ताट पुसून संपव, मगच ऊठ." तिनं आणखी एक घास घेतला. मग ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, ओकली, आणि श्वास शिटीसारखा वाजायला लागला.

मुख्याध्यापक धरमसिंग सरांनी त्यांची गाडी काढली. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरनं खाज सुटल्यावर देतात ते इंजेक्शन दिलं. डॉक्टर रजत क्वार्टरमधून ओल्या केसांनी धावत आले, त्यांनी आणखी एक दिलं आणि म्हणाले, दिग्रसला न्या. गाडीत ती माझ्या मांडीवर होती. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

दिग्रसच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता मांडीत सुई दिली. बाहेरून चहा यायच्या आत तिचा श्वास मोकळा झाला. मी इतका वेळ काय पाहत होते तेच कळेना.

"हे तिथंच काहून नाई देल्लं?" ते म्हणाले. "साधं ॲड्रिनॅलिन आहे. सगळीकडे असते."

मला काय माहीत. मी मराठी शिकवते. अधीक्षिकेचं पद वर्षभर रिकामं आहे म्हणून मुलींच्या वसतिगृहाचा प्रभार माझ्या गळ्यात आहे.


९ जुलै, बुधवार

राखीचे आईवडील आले. फुलचंद आणि हंसाबाई, पलीकडच्या बंजारा तांड्यावरचे. हंसाबाई ऑफिसात खुर्चीवर बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं लेकीच्या पापण्या आणि ओठ चाचपून पाहिले.

"भुईमुगाच्या दाण्यानं होते तिले," ती म्हणाली. "तिकडे उसाच्या फडावर दोनदा झालतं. लोक म्हने नजर हाये. मी म्हनलं, नजर दाने खाल्ल्यावरच कशी लागते?"

"मग प्रवेशाच्या वेळी सांगितलं का नाही?" सर म्हणाले.

"कोनी इचारलं नाई."

सर म्हणाले, मुलगी घरी न्या, जबाबदारी मोठी आहे. फुलचंद खाली पाहत म्हणाला, "घर कुठं हाये सर? दिवाळी झाली का आमी ऊसतोडीले जातो. मंग तांड्यावर कुलूप. फडावरच्या पाचटाच्या कोपीत पोरगी शिकन का? मनूनच तर इथं टाकली."

सर वाईट नाहीत. मागे आमच्यासारख्याच एका आश्रमशाळेत एक मूल दगावलं तेव्हा तिथले मुख्याध्यापक निलंबित झाले होते, ते यांचे मित्र. तेव्हापासून यांना मूल नुसतं शिंकलं तरी घाम फुटतो.

राखी राहिली. मी "बघते" म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. मला ऋतिकनं, माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं, दिवाळीनंतर नोकरी सोडून पुण्याला ये म्हणून सांगितलंय, आणि मी त्यालाही "बघते" असंच म्हणाले आहे.


२१ जुलै, सोमवार

स्वयंपाकघरात स्वयंपाकीण बसंतीबाईशी वाद. दाण्याचा कूट भाजीत, उसळीत, चटणीत, कढीत सुद्धा. "कुटाबिगर भाजी गिळते का कोनी मॅडम?" शेवटी राखीची भाजी वेगळ्या गंजात, एका छोट्या पातेल्यात, करायला ती तयार झाली. पळी वेगळी, झाकण वेगळं. बसंतीबाईनं कटकट केली पण गंज रोज स्वतः घासते, दुसरीला हात लावू देत नाही.

आणि ही पोरगी ती भाजी खातच नाही! कोरडी भाकर, मीठ, कांदा. बस. इतका खटाटोप कोणासाठी केला? रागावले तर डोळे वर करून नुसती पाहते. ताट घेते तेव्हा आधी वास घेते, मांजरासारखा. हट्टी आहे. वजनही कमी झालेलं दिसतं. मी सर्वांदेखत बोलले, की अन्नाला नाक लावणं चांगलं नाही. तेव्हापासून ती तोंड फिरवून वास घेते.


२ ऑगस्ट, शनिवार

नागपूर. पहाटेची बस, हंसाबाई, राखी आणि मी. या आजाराचा खास डॉक्टर आपल्याकडे जवळपास कुठेच नाही. दिग्रसच्या डॉक्टरांनीच नाव दिलं.

दवाखान्यात थंडगार हवा, भिंतीवर रंगीत मासे. शेजारी एक मुलगा, राखीएवढाच, त्यालाही दाण्याचंच. त्याच्या गळ्यात एक छोटी निळी पिशवी आणि तिच्यात दोन पेनं, म्हणजे पेनासारखी इंजेक्शनं. झाकण काढायचं, मांडीला दाबायचं, झालं. त्याचा मामा परदेशातून आणतो म्हणे. इकडे दुकानात मिळत नाहीत. त्या मुलाच्या आईनं पर्समधून एक जुनं काढून आमच्यापुढे धरलं. "मुदत संपलीय, पण फेकवत नाही. तुम्ही ठेवा ना."

बाई मनानं चांगली होती. माझाच चेहरा गरम झाला. हंसाबाईनं पेन हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं.

"हे एकडावच चालते का?"

"हो, एकदाच."

"मंग शिकू कशावर ताई? आन सरल्यावर माह्या लेकराचा मामा कुठून आनन?" तिनं ते परत दिलं, दोन्ही हातांनी, देवळात देतात तसं. राखी मात्र त्या निळ्या पिशवीकडे डोळे न हलवता पाहत होती.

आतल्या डॉक्टरांनी बराच वेळ दिला. दाणा म्हणजे दाणा. कूट नाही, तेलही नको, दाण्याला लागलेली पळी नको. त्रास झाला तर आधी ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून दिलं तरी चालेल. आडवं झोपवायचं, उभं करायचं नाही. बरं वाटलं नाही तर थोड्या वेळानं पुन्हा. मग दवाखाना. बाकीची औषधं नंतर. पेन नाही तर काचेची कुपी आणि साधी सिरिंज. राखीच्या मापाला त्यांनी सिरिंजवर मार्करनं काळी रेघ ओढून दिली. औषध जगातल्या सगळ्यात स्वस्त औषधांपैकी आहे, म्हणाले, आणि मग चष्मा पुसत बसले.

परतीच्या बसमध्ये हंसाबाईनं मला खिडकी दिली. मी झोपले, जाग आली तेव्हा डोकं तिच्या खांद्यावर होतं.


५ ऑगस्ट, मंगळवार

सर म्हणाले, "इंजेक्शन शाळेच्या आवारात ठेवायचं नाही. शिक्षकानं सुई टोचायची हे कोणत्या नियमात आहे, दाखवा मला. पोरगी वाचली तर कोणी विचारत नाही, नाही वाचली तर तुम्ही आणि मी."

मी वाद घातला नाही. ताकद नव्हती. कुप्या स्टीलच्या डब्यात घालून माझ्या खोलीत माठाशेजारी ठेवल्या, उन्हात राहिल्या तर रंग बदलतो म्हणून. खोली आवारातच आहे. सरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.


११ सप्टेंबर, गुरुवार

आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर रजत ओपीडी संपवून एकटेच बसले होते. मी म्हटलं, मला सुई द्यायला शिकवा. त्यांनी आधी नियम सांगितला. मग उठून दार लोटलं.

"खरं सांगू मॅडम? पुस्तकात पहिल्या ओळीत ॲड्रिनॅलिनच लिहिलंय. परीक्षेतही लिहिलं होतं मी. पण इथं आलो तर सगळे म्हणाले, सर, त्यानं हृदय बंद पडते, देऊ नका. औषध कपाटात, कपाटाला कुलूप. त्या दिवशी माझा हात कपाटापर्यंत गेला होता."

सव्वीस-सत्तावीसचं पोर ते, जेवलेलंही दिसत नव्हतं. त्यांनी सरावाला वांगं मागवलं. कुपीची मान कशी मोडायची, बुडबुडा कसा काढायचा, रेघेवर कसं थांबायचं. मी तीन कुप्या फोडल्या, त्यातल्या दोन बोटात. बसंतीबाईला सोबत नेलं होतं; ती वांग्याकडे पाहून म्हणाली, "मले जमनार नाई, मी पकडून ठेवीन पोरीले."

निघताना पाहिलं, ते औषध आता कपाटात नव्हतं. टेबलावरच्या ट्रेमध्ये होतं, सगळ्यात वर.


१५ ऑक्टोबर, बुधवार

काल लिहिता आलं नाही. आजही हात धड नाही.

काल संस्थेच्या संचालकांचा वाढदिवस. मुलांना काजूकतली वाटली, चांदीचा वर्ख लावलेली. राखीनं घेतली आणि उभी राहिली, वास घेत, मग माझ्याजवळ आली. कधी येत नाही अशी. कतली पुढे धरून म्हणाली, "मॅडम, यात दाना हाये का?"

मी खोक्यावर वाचलं. काजू लिहिलेलं. मी म्हटलं, "काजूची आहे. खा."

तिनं लगेच खाल्ली. पुन्हा वास घेतला नाही, काही नाही. मी सांगितलं म्हणून अख्खी खाल्ली, आणि हसली. जुलैपासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दाण्याची होती. दाणे काजूपेक्षा स्वस्त पडतात एवढंच.

मी खोलीकडे पळाले. डबा घेऊन आले तोवर ती खाली पडलेली, ओठ निळसर. बसंतीबाई तिला दाबून धरून रडत होती. पहिली कुपी माझ्या हातात चुरली, बोट कापलं. सर ओरडत होते, "मॅडम, करू नका, गाडी आणतो, करू नका!" दुसरी कुपी मोडली. रेघ दिसेना, डोळ्यांत पाणी. टोचली. फ्रॉकवरूनच. मग नुसतं बसून राहणं. त्या वेळेसारखी लांब वेळ मी आयुष्यात पाहिलेली नाही.

ती खोकली. "याडी," म्हणाली. आईला हाक मारत होती. मी तिथंच होते, पण हाक आईलाच.

सरांनी स्वतः तिला उचलून आडवंच गाडीत ठेवलं. आरोग्य केंद्रात डॉक्टर रजत ट्रे घेऊन पायरीवर उभे होते. बसंतीबाईनं फोन केला होता. त्यांनी दुसरी सुई दिली, न थांबता. रात्रभर ठेवून घेतली. आज सकाळी दूध प्यायली, वास घेऊन.

मी तिला म्हटलं, वास घेत जा. प्रत्येक वेळी घे. कोणी काही म्हणालं तरी. मी म्हणाले तरी.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सरांनी नोटीस दिली. विनापरवानगी वैद्यकीय उपचार, खुलासा करावा. देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

"द्यावी लागते मॅडम. तुमचा खुलासा मीच लिहून देतो पाहिजे तर." सही घेता घेता म्हणाले, "ती कुपी... कुठल्याही दुकानात मिळते का?"

"चिठ्ठीवर मिळते."

"माझ्या नातवाला दम्याचा त्रास आहे," म्हणाले आणि गेले. दम्याचा याच्याशी काय संबंध ते मला कळलं नाही.


२६ ऑक्टोबर, रविवार. नेर

दिवाळी झाली. ऋतिक आला होता. म्हणाला, झालं ना आता तुझं समाजकार्य? पुण्यात शाळा पाहून ठेवलीय, डिसेंबरात मुलाखत. मी हो म्हटलं. खरंच दमलेय. आईनं चिवडा केला, दाणे घालून. मी ते एकेक वेचून बाजूला काढले. आई म्हणाली, "तुले कधीपासून चालत नाई दाने?" मलाही तेव्हाच लक्षात आलं.


८ नोव्हेंबर, शनिवार

हंसाबाई राखीला न्यायला आली. वसतिगृहावर राग नाही म्हणाली, पण ठेवणार नाही. "तुमी पुन्याले चाल्ले म्हनते. मंग इथं कोन?" हे तिला कोणी सांगितलं? बसंतीबाईनंच.

मी म्हटलं, तिची शाळा बुडेल. ती म्हणाली, "बुडन. जीव तरी माह्यापाशी राहीन."

मग म्हणाली, मले शिकवा.

आरोग्य केंद्रात नेलं. वांग्यावर तिनं दोनदाच केलं. हात हलला नाही. डॉक्टर म्हणाले, छान, झालं. ती म्हणाली, "नाई झालं. वांगं रडत नाई डाक्टरसाब. माह्यावर करून पाहू द्या." डॉक्टरांनी सलाईनची कुपी दिली. तिनं लुगडं सावरून स्वतःच्या मांडीत सुई घातली, चेहरा न हलवता, आणि मग राखीकडे पाहून म्हणाली, "दुखते. पन थोडंसंच."

डॉक्टरांनी कुप्या, सिरिंजी आणि मराठीत चिठ्ठी दिली. दुपारी ऊसतोडीचा ट्रक गेला. राखी मागे सामानावर बसली होती. हात हलवला की नाही ते धुळीत दिसलं नाही. चौथीचं मराठीचं पुस्तक मी तिच्या पिशवीत घातलंय. वसतिगृहात आज भाजीत कूट होता. बसंतीबाईनं तो वेगळा गंज पालथा घालून ठेवला आहे, कोणाला वापरू देत नाही.

आता काम कमी झालं. झोप लागायला हवी.


१५ डिसेंबर, सोमवार

सांगलीकडच्या फडावरून फोन. हंसाबाई. आधी नुसता वारा ऐकू आला.

"मॅडम, राखीचं औषद मी दुसऱ्या बाईले देल्लं."

फडाच्या कडेला आग्या मोहोळ उठलं. बीडकडच्या टोळीतली एक बाई, ओळखीची नाही, पाळंमुळं माहीत नाहीत. मधमाश्या चावल्या आणि राखीला होतं तसंच तिला झालं. तोंड सुजलं, श्वास वाजायला लागला. लोक चुना लावत होते.

"राखी माह्या कानापाशी आली. म्हने, याडी, हे माह्यासारखंच हाये. मी पाहूनच राह्यली, हलली नाई. हे सरलं तर लेकराले काय ठिवू, मनात तेच. मंग पोरगीच डबा घेऊन आली. मानूस मोठं, रेघ तर लहान लेकराच्या मापाची. मी दोनडाव देल्लं. बाई वाचली मॅडम. तिले दोन लेकरं हायेत. पन दोनी कुप्या सरल्या. एक तर माह्या हातातच फुटली, दोनीडाव दुसरीतलंच भरलं. चुकलं का माह्यं?"

मी "नाही" म्हणाले. पण लगेच म्हणता आलं नाही, आणि तिनं ते ऐकलं असणार.

तिथल्या दुकानदारानं औषध दिलं नाही. चिठ्ठी कोपीत ओली होऊन फाटली. तिथला डॉक्टर म्हणाला, हे दवाखान्यातच देतात, ऊसतोड्याच्या हातात कोण देतं? म्हणजे आज राखीजवळ काहीच नाही.

ऋतिकचा मेसेज, शनिवारी सकाळी मुलाखत आहे, विसरू नको.


१८ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टर रजतनी नवी चिठ्ठी दिली. एका नावावर इतकं लिहिता येत नाही म्हणाले, आणि लिहिलं. शिवाय तिथल्या डॉक्टरांना वेगळं पत्र, इंग्रजीत, शिक्क्यानिशी. कुरिअर फडापर्यंत जात नाही, चौकशी केली. ट्रकवाल्याजवळ द्यावं तर तो डबा इंजिनपाशी ठेवेल. म्हणून मीच जाते. नाहीतरी पुणे वाटेतच पडतं, ऋतिकला तसंच सांगितलं.

सरांकडे रजा मागितली. कारण विचारलं नाही. डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खाली ओला कपडा ठेवा."


२१ डिसेंबर, रविवार

फडावर पोचले ती शुक्रवारची संध्याकाळ. दोन दिवस बसमध्ये, पाय सुजलेले. राखी उसाच्या मोळ्यांमधून पळत आली आणि माझ्यापुढे येऊन नुसती उभी राहिली. उंच झाली आहे. वजन भरलंय. हंसाबाईच्या हातचं खाते ना सगळं.

मी डबा दिला. हंसाबाईनं कुप्या मोजल्या नाहीत, कपाळाला लावल्या नाहीत. उठली आणि कोप्यांमधून हाका मारत गेली. बाया आल्या, कोयते बाजूला ठेवून, केसांत पाचटाचे तुकडे. त्यांच्यात ती बीडकडची बाईही होती, अजून चेहरा थोडा सुजलेला. मला वाटलं, आता मला शिकवावं लागणार. मी उठू लागले. हंसाबाई म्हणाली, "बसा तुमी."

तिनं एक वांगं घेतलं. सिरिंजवर एक रेघ राखीची, आणि तिच्या वर दुसरी, मोठ्या माणसाची, तिनं काजळानं ओढलेली. डॉक्टरांनीच सांगितलं म्हणे फोनवर. आमच्या डॉक्टर रजतनी. तिनं नंबर केव्हा घेतला होता कोण जाणे. ती गोरबोलीत, तांड्याच्या बोलीत, बोलत होती. मला त्यातलं "याडी" आणि "पाणी" एवढंच समजतं. मध्येच बीडकडच्या बायांसाठी मराठीत सांगायची. कुपी मोडताना तिनं पदर बोटाभोवती गुंडाळला, ते मी शिकवलेलं नव्हतं. राखी एकेकीच्या हातात वांगं देत होती आणि मांडीवर जागा दाखवत होती. एका बाईनं चुकीच्या जागी धरलं, तर तिचा हात धरून सरकवला.

काल सकाळच्या मुलाखतीला मी गेले नाही. ऋतिकचे फोन येऊन गेले. आज त्याला काय सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण मला आठवतं ते शुक्रवारचंच. पाठ कोपीच्या पाचटाला टेकलेली, समोर बाया बोलतायत, कोणीतरी हसतंय, आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नाही. मला वाटलं, थोडा वेळ डोळे मिटावेत. बसल्या बसल्या झोप लागली, आणि मला कोणी उठवलं नाही.